वायुवनस्पतींचें कुळ

सर्पाला संस्कृत कवींनीं ‘पवनाशन’ म्हटलें, आणि कित्येक ऋषि केवळ वायुभक्षण करून तप करीत असें पुराणें सांगतात. वनस्पतीला मात्र ही पदवी आपल्याकडे कोणीं दिली नव्हती. झाड म्हटलें कीं माती आलीच, अशीच सर्वांची समजूत. ही पदवी दिली ती इंग्रजी भाषेनें. ‘एअर प्लँट’ हा शब्द तिकडे रूढ झाला आणि आतां तो मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांतूनहि ऐकूं येतो. कांचेच्या गोळ्यांत, शिंपल्यांत किंवा लांकडाच्या ढलपीवर बसविलेला मूठभर राखी पानांचा एक झुबका. खालीं माती नाहीं, कुंडी नाहीं. आणि विकणारा सांगतो, ह्याला कांहींच लागत नाहीं, हें हवेवर जगतें. घेणारा खूष होऊन तें घरीं नेतो. कांहीं महिन्यांनीं तें कुरकुरीत होऊन जातें, आणि तें मेलें आहे हेंहि पुष्कळदां लवकर ध्यानांत येत नाहीं. कारण जिवंतपणींहि त्याचा रंग वाळल्यासारखाच होता.

दोष घेणाऱ्याचा नाहीं, नांवाचा आहे. ‘वायुवनस्पति’ हें नांव कुळाचें नसून राहणीचें आहे. आणि राहणीवरून कुळ ठरवूं लागलें कीं कसा घोटाळा होतो, ह्याचें इतकें चांगलें उदाहरण वनस्पतिशास्त्रांत क्वचितच सांपडेल. ह्या एका नांवावर तीन अगदीं निरनिराळीं कुळें हक्क सांगतात.

पहिली हक्कदार म्हणजे घराघरांतील पानफुटी. हिचें पान दोऱ्यानें भिंतीवर टांगलें तरी पानाच्या कडेच्या खांचांतून इवलीं इवलीं रोपें बाहेर पडतात. म्हणून इंग्रजींत हिलाहि ‘एअर प्लँट’ म्हणतात. परंतु हा हक्क टिकणारा नाहीं. पानांत सांठविलेल्या पाण्यावर हा खेळ थोडे दिवस चालतो. रोपांना मोठें व्हावयाचें तर शेवटीं मातीच गांठावी लागते. तेव्हां मूळ मादागास्कर बेटांतून आलेल्या ह्या पाहुणीचा निकाल एवढ्यावरच लावतां येईल. तिची एक साक्ष मात्र पुढें कामीं येणार आहे.

दुसरा हक्क आमरींचा, म्हणजे ज्यांना बाजारांत ‘ऑर्किड’ म्हणतात त्यांचा. आणि तो पुष्कळच बळकट आहे. सह्याद्रीच्या रानांत वळवाच्या पावसाच्या सुमारास आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून ‘सीतेची वेणी’ लोंबूं लागते, ती ह्याच कुळांतील. तिचीं जाड मुळें सालीवर पसरतात, कांहीं तर सरळ हवेंत लोंबतात. मुळांवर मृत पेशींचें पांढरें, स्पंजासारखें वेष्टण असतें. पावसाचें ओघळतें पाणी तें चटकन् टिपून घेतें आणि आंतल्या जिवंत मुळाला पुरवितें. १७९० सालीं लूरेरो ह्या पोर्तुगीज धर्मोपदेशकानें कोचीनचीन देशाच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत अशा आमरींच्या एका प्रजातीला ‘एरिडीस’ हें नांव दिलें. त्याचा अर्थ ‘हवेचें लेंकरूं’ असा करतात. ह्या प्रजातीच्या कांहीं जाति सह्याद्रींतहि आहेत.

परंतु आमरींच्या बाबतींत पत्त्यावरून कुळ ठरविण्याची चूक लूरेरोच्या आधींच होऊन बसली होती, आणि ती करणारा कोणी सामान्य मनुष्य नव्हता. आधुनिक वर्गीकरणाचा जनक लिनीअस हाच तो. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीडे ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट ह्या तीन वैद्यांची कोंकणी भाषेंतील, नागरी लिपींत छापलेली ग्वाही आहे, ही गोष्ट मराठी वाचकांनीं आवर्जून लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या खंडांत सीतेच्या वेणीचें चित्र ‘मरवाळ’ ह्या अर्थाच्या मलयाळी नांवाखालीं आलें आहे. त्यांतल्या ‘मर’ ह्याचा अर्थ झाड. लिनीअसनें १७५३ सालीं ह्याच चित्राचा आधार घेऊन तिला ‘एपिडेंड्रम’ प्रजातींत घातलें. त्याचाहि अर्थ ‘झाडावरचें’ असाच. झाडावर बसलेली बहुतेक आमरी त्यानें ह्या एकाच प्रजातींत कोंबली, मग ती मलबारची असो कीं वेस्ट इंडीज बेटांची असो. एका चाळींत राहतात म्हणून सर्व बिऱ्हाडें एकाच आडनांवाचीं समजावीं, तसला हा प्रकार झाला. पुढच्या पिढ्यांनीं हीं बिऱ्हाडें एकेक करून वेगळीं काढलीं. आज ‘एपिडेंड्रम’ हें नांव केवळ अमेरिकेंतील जातींनाच उरलें आहे, आणि सीतेची वेणी ‘रिंकोस्टायलिस’ प्रजातींत गेली आहे.

अशी गल्लत फक्त युरोपांतच झाली असें मानण्याचें कारण नाहीं. अमरकोशांत ‘वंदा’ ह्या वनस्पतीला वृक्षरुहा आणि वृक्षादनी असे दोन्ही पर्याय दिले आहेत. वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी, आणि वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी. हे दोन शब्द कोशकाराला समानार्थी वाटले. वास्तविक ह्या दोहोंत भाडेकरू आणि दरोडेखोर ह्यांच्याइतकें अंतर आहे. बांडगूळ फांदीच्या आंत आपलें शोषकमूळ खुपसतें आणि झाडाचें पाणी व क्षार ओढून घेतें. आमर सालीला नुसती धरून असते. तिचें मूळ सालीच्या आंत शिरत नाहीं. फांदीवर तिचा भार पडेल, परंतु झाडाच्या रसांतला थेंबहि ती घेत नाहीं. तरीहि बांडगूळ समजून आमरी खरवडून काढणारे बागवान अजून आढळतात. गंमत अशी कीं विल्यम जोन्सनें उचललेला हा ‘वंदा’ शब्दच पुढें १८२० सालीं रॉबर्ट ब्राउन ह्यानें आमरींच्या एका प्रजातीचें शास्त्रीय नांव म्हणून कायम केला. बांडगुळाचें नांव निरपराध आमरीला कायमचें चिकटलें!

आतां तिसरा हक्कदार. कांचेच्या गोळ्यांत बसून जें रोप बाजारांत येतें तें हेंच. आणि ‘हवेवर जगणें’ ह्या वर्णनाला सर्वांत जवळ येणारी वनस्पति जर कोणती असेल तर ती हीच. तिच्या प्रजातीचें नांव टिलँड्सिया. तिचें कुळ कोणतें, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तें अननसाचें कुळ. ह्या कुळांत साडेतीन हजारांहून अधिक जाति आहेत. पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत आढळणारी एक जाति सोडली तर बाकीचें सगळें कुळ मूळचें अमेरिका खंडाचें. आपल्या देशांत तें आलें तें प्रथम अननसाच्या रूपानें. पोर्तुगीजांनीं फळ आणलें आणि त्याबरोबर दक्षिण अमेरिकेच्या आदिवासींच्या भाषेंतलें नांवहि आणलें. अननसाचें रोप मातींत रुजतें. त्याच्या चुलतभावंडांनीं मात्र माती सोडून झाडें, खडक आणि वाळवंटें गांठलीं.

टिलँड्सिया ह्या नांवामागें एक मजेदार आख्यायिका आहे. फिनलंडमधील ओबो, म्हणजे आजचें तुर्कू, येथील विद्यापीठांत एलियास टिलँड्स नांवाचे वैद्यकाचे अध्यापक सतराव्या शतकांत होऊन गेले. विद्यार्थिदशेंत स्टॉकहोमहून येतांना त्यांना समुद्र इतका लागला कीं पुढचा प्रवास त्यांनीं आखाताला वळसा घालून पायींच केला, आणि ‘जमिनीवरून’ ह्या अर्थाचें आडनांव घेतलें, असें सांगतात. ह्या वनस्पतींनाहि पाण्याचें वावडें आहे असें समजून लिनीअसनें त्यांना टिलँड्सचें नांव दिलें. इथें मात्र त्या थोर पुरुषाचा अंदाज साफ चुकला. पाण्यासाठीं एवढी यंत्रणा अंगावर बाळगणारी वनस्पति दुसरी क्वचितच असेल.

ती यंत्रणा पानांवर आहे. टिलँड्सियाचें पान भिंगाखालीं पाहिलें तर त्यावर सूक्ष्म खवले दाटीनें बसलेले दिसतात. प्रत्येक खवला म्हणजे मृत पेशींची एक बारीकशी ढाल. ती जिवंत पेशींच्या आंखूड देंठावर बसविलेली असते. कोरड्या हवेंत ह्या पेशी चपट्या होऊन पानाला चिकटतात आणि प्रकाश परतवितात. पानाचा राखी रंग तो हाच. पाऊस, दंव किंवा धुकें ह्यांचा थेंब पडला कीं ढालीच्या पेशी फुगतात, पाणी आंत खेंचलें जातें आणि देंठावाटे पानाच्या अंतर्भागांत पोंचतें. त्याच वेळीं राखी पान पाहतां पाहतां हिरवें दिसूं लागतें. ऊन पडलें कीं ढाल पुन्हां चपटी होऊन दार लागतें. आलेलें पाणी परत जात नाहीं. पाण्याबरोबर त्यांत विरघळलेले क्षार आणि हवेंतील धूळहि येते. हेंच तिचें अन्न. मुळांना काम उरलें तें केवळ धरून राहण्याचें. हवेंत जें असेल तें ही वनस्पति अंगांत घेते, म्हणूनच शहरांच्या हवेंत कोणत्या धातूंचे अंश आहेत हें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात.

येथें पानफुटीची साक्ष काढावयाची. बेंजामिन हाइन नांवाचा कंपनी सरकारचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ भारतांत होता. त्यानें पानफुटीचीं पानें चाखून पाहिलीं, तेव्हां तीं सकाळीं चुक्यासारखीं आंबट, दुपारीं बेचव आणि संध्याकाळकडे किंचित् कडवट लागलीं. हें निरीक्षण लंडनच्या लिनीअन सोसायटीनें १८१५ सालीं छापलें. त्यामागचें रहस्य पुष्कळ पुढें उलगडलें. दिवसा उन्हांत पर्णरंध्रें उघडलीं तर पाणी उडून जातें. म्हणून अशा वनस्पती रंध्रें रात्रीं उघडतात, कर्बवायु आंत घेऊन आम्लाच्या रूपानें सांठवितात, आणि दिवसा दारें बंद करून त्या सांठ्यावर उन्हाच्या साहाय्यानें साखर तयार करतात. राखी टिलँड्सिया हाच व्यवहार करते. पानफुटी आणि टिलँड्सिया ह्यांचा धंदा एक, परंतु रक्ताचें नातें मुळींच नाहीं. पाण्याच्या टंचाईनें दोघींना एकच युक्ति शिकविली.

टिलँड्सियाच्या सहाशेंहून अधिक जाति आज माहीत आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती ‘स्पॅनिश मॉस’. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनियापासून दक्षिणेस थेट अर्जेंटिना-चिलीपर्यंत ती पसरली आहे, आणि लुइझियाना-फ्लॉरिडाकडे ओकच्या झाडांवरून तिच्या कित्येक हात लांब राखी जटा लोंबतात. ती मॉस नव्हे, आणि स्पॅनिशहि नव्हे. फ्रेंच वसाहतवाल्यांनीं स्पॅनिशांची टर उडविण्यासाठीं तिला ‘स्पॅनिश दाढी’ म्हटलें, असें म्हणतात. तिचें शास्त्रीय नांव ज्या दाढीसारख्या शैवाकावरून पडलें, तो आपल्या गोड्या मसाल्यांतल्या दगडफुलाच्या कुळांतला. दिसण्याचें साम्य एवढेंच, बाकी संबंध नाहीं. वाढलेल्या स्पॅनिश मॉसला मुळें अजिबात नसतात. वाऱ्यानें तुकडा तुटून दुसऱ्या फांदीवर अडकला कीं तोच नवा संसार मांडतो. एके काळीं हिच्या वाळविलेल्या धाग्यांनीं गाद्या आणि मोटारींच्या बैठका भरीत असत.

तिचीच एक लहान बहीण चेंडूसारखे पुंजके करून राहते, आणि ती टेलिफोनच्या व विजेच्या तारांवरहि खुशाल वाढते. वायुवनस्पति झाडाचा रस शोषते असें म्हणणाऱ्यांना ह्याहून चोख उत्तर देतां यावयाचें नाहीं. तारेंत कसला रस असणार? आणि ज्यांना तार देखील नको अशाहि जाति आहेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यालगत, जेथें पाऊस वर्षानुवर्षें पडत नाहीं तेथें, उघड्या वाळूवर टिलँड्सियाचे पट्टे पसरलेले असतात. वाळूंत त्यांचीं मुळें रुजत नाहींत. समुद्रावरून येणारें दाट धुकें एवढाच त्यांचा आधार. कांहीं जातींनीं मुंग्यांना घर दिलें आहे: पानांच्या फुगीर तळांच्या पोकळींत मुंग्या राहतात, आणि त्यांनीं सांठविलेल्या केरकचऱ्यांतून रोपाला खत मिळतें. उलट दमट रानांतल्या कित्येक जातींचीं पानें रुंद व हिरवीं. त्यांच्या बेचक्यांत पावसाचें पाणी सांठून लहानसें टांकेंच होतें. म्हणजे एका प्रजातींत टांकें बांधणारे आहेत आणि दंवावर भागविणारेहि आहेत.

एवढ्या पसाऱ्याचें वर्गीकरण करावयाचें कशावरून? लिनीअसनें फुलांतील केसरांची संख्या मोजली. सहा पुंकेसर आणि एक किंजल एवढें जुळलें म्हणून टिलँड्सिया, अननस आणि कांदा एकाच रांगेंत जाऊन बसले. ही रीत शोधाशोधीला सोयीची होती, नातें सांगणारी नव्हती. विसाव्या शतकांत लायमन स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें आयुष्य वेंचून ह्या कुळाचा महाग्रंथ रचला. टिलँड्सियाचा भाग १९७७ सालीं निघाला. त्यानें फळाला आणि बियांना मान दिला. अननसाचे सख्खे बोंडाऐवजीं गरयुक्त फळ धरतात. टिलँड्सियाच्या शाखेचें फळ म्हणजे सुकून उकलणारें बोंड, आणि प्रत्येक बियेला रेशमी केसांची छत्री. वाऱ्यावर उडावें आणि सालीच्या खरबरीत जागीं अडकावें, ह्यासाठींच ती सोय. टिलँड्सियाच्या पोटांत स्मिथनें सात उपप्रजाति मानल्या. पुंकेसर पाकळ्यांच्या बाहेर येतात कीं आंत दडतात, त्यांच्या तंतूंना चुण्या आहेत कीं नाहींत, अशा खुणांवरून. ह्या खुणा ताज्या फुलांतच नीट दिसतात. दाबून वाळविलेल्या नमुन्यांत पाकळ्यांचा चोथा होतो. तरीहि स्मिथची मांडणी सुमारें चाळीस वर्षें कामीं आली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें पेशींतील डीएनए वाचतां येऊं लागला आणि नात्यांची नवी वही उघडली. २०१६ सालीं व्हिएन्ना येथील मायकेल बारफुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या शाखेची नवी मांडणी प्रसिद्ध केली. राखी, खवलेदार, हवेवर भागविणारी राहणी एकाच पूर्वजाकडून आलेली नाहीं. ती निरनिराळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळीं उपजली, असें ह्या वाचनांतून दिसून आलें. म्हणजे लिनीअसला आमरींनीं जसें चकविलें, तसें ह्या राखी रंगानें नंतरच्यांना चकविलें. कांहीं जाति नव्या प्रजातींत गेल्या. गुलाबी पंख्यासारख्या तुऱ्यांतून जांभळीं फुलें काढणारें जें रोप कुंडींत विकतात, तें पूर्वी टिलँड्सिया सायेनिया होतें. तें आतां वॉलिसिया ह्या एकोणिसाव्या शतकांतल्या जुन्या नांवाखालीं गेलें. रोपवाटिकांच्या चिठ्ठ्यांवर बहुधा पूर्वीचेंच नांव दिसतें, आणि त्यासाठीं माळ्याला बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

नांवांचा हा खटाटोप केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं. फ्लॉरिडांत १९८९ सालीं मेक्सिकोमधील एक भुंगेरा सांपडला. अननसाच्या कुळांतील शोभेच्या रोपांबरोबर तो आला होता. त्याच्या अळ्या टांकेंवाल्या टिलँड्सियांचा गाभा पोखरतात. तेथली एक मोठी जाति, टिलँड्सिया यूट्रिक्युलाटा, वर्षानुवर्षें वाढते, आयुष्यांत एकदांच फुलते, बी टाकते आणि मरते. बाजूला पिलें देण्याची सोय तिला बहुधा नाहीं. फुलण्यापूर्वींच गाभा पोखरला गेला तर त्या रोपाचा वंश तेथेंच संपतो. एके काळीं सर्वत्र दिसणारी ही जाति त्या राज्याच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादींत जाऊन पडली. स्पॅनिश मॉस मात्र त्याच झाडांवर सुखरूप लोंबते आहे. तिच्या बारीक दोऱ्यांत अळीला पोखरायला गाभाच नाहीं. दोघींनाहि ‘वायुवनस्पति’ म्हणून एकाच खात्यावर मांडलें, तर एक मरते आहे हें दुसरीच्या गर्दींत कळावयाचेंहि नाहीं.

मनुष्याच्या हौसेचीहि अशीच गोष्ट. रुंद, वळलेल्या रुपेरी पानांची टिलँड्सिया झेरोग्राफिका मेक्सिको, ग्वाटेमाला आणि शेजारच्या देशांतली. तिचा देखणेपणाच तिचा वैरी झाला. रानांतून ती इतकी ओरबाडली गेली कीं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटीस’ करारांत तिला दुसऱ्या परिशिष्टांत घालावें लागलें, आणि परवान्यावांचून तिची नेआण करण्यास बंदी झाली. ग्वाटेमालांतील रोपवाटिका आतां ती बियांपासून वाढवून परदेशीं पाठवितात. घेणाऱ्यानें हें रोप रोपवाटिकेंत वाढविलेलें कीं रानांतून काढलेलें, एवढें तरी विचारावें. बी रुजल्यापासून मूठभर रोप होण्यास कित्येक वर्षें लागतात. स्वस्तांत मिळालेल्या मोठ्या रोपाबद्दल शंका घेणें योग्य होय.

आणि घरीं आणलेल्या रोपाचें काय? हवेवर तें जगत नाहीं, हवेंतल्या पाण्यावर जगतें. आणि बंद खोलींतल्या, पंख्याखालच्या कोरड्या हवेंत तें पाणी फारच थोडें. पावसाळ्यांत आपल्या किनारपट्टीची हवा त्याला मानवते. फाल्गुन-चैत्रांत आठवड्यांतून एक-दोनदां रोप पाण्यांत अर्धा तास बुडवून ठेवावें. हें काम सकाळीं करावें, कारण रात्र ही त्याची श्वास घेण्याची वेळ. ओले खवले रंध्रांवर पाण्याचा पडदा धरतात. बाहेर काढल्यावर रोप उलटें धरून पाणी झटकावें आणि वाऱ्यावर सुकूं द्यावें. पानांच्या बेचक्यांत पाणी राहिलें तर गाभा कुजतो. तोंड बंद असलेली कांचेची बरणी त्याला थडग्यासारखीच. रोप फुललें कीं मूळ रोपाची वाढ थांबते, परंतु केळीला मुनवे यावे तशीं त्याला बहुधा एक-दोन पिलें येतात. तीं आईच्या निदान एक-तृतीयांश आकाराचीं होईपर्यंत तोडूं नयेत. तोंवर सुकत चाललेल्या आईकडूनच त्यांचें पोषण होत असतें.